नदीच्या त्या काठावरचा ट्रेलर

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मासिकात लिहायचं म्हणजे तर छोटे मुँह बडी बात. शिवाय असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितोय, कारण एका माणसाला खोटं ठरवलं गेलं... आणि तो खोटा नाही, हे मला माहीत आहे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवं राज्य होऊन कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या होत्या, फाइली भोपाळला जायला लागल्या होत्या. सुट्टीत मला नदीचा सर्व्हे करणाऱ्या पार्टीत मदतनिसाचं काम मिळालं. इंदूरहून सांवेर, तिथून कच्च्या रस्त्यानं सात मैल. जीपमागे लष्कराच्या लिलावातला दोनचाकी ट्रेलर. त्याच्यावर कमानी उभ्या करून कॅनव्हास ताणला की झाला तंबू. जीप जाईल तिथे आमचं घर.

ड्रायव्हर गणपतराव. संस्थानच्या फौजेत गाडी चालवलेले, राजवाड्यामागे राहणारे. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "भिया, ट्रेलर तिरपा राहिला तर झोपेत घरंगळशील. चाकाखाली दगड घाल, पाणसळ ठेवून बघ. की कॉलेजात फक्त भांग पाडायला शिकवतात?"

ते मी मनावर घेतलं. दर मुक्कामाला पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत मी दगड बदलत बसायचो.

त्या दिवशी नदीकाठी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. आमचे साहेब मोजणीची साखळी धरणाऱ्या चेनमनला घेऊन पायीच पुढच्या गावी गेले. ट्रेलर जीपपासून सोडवला. काठाला नदीकडे उतार होता, म्हणून मी नदीकडच्या चाकाखाली तीन चपटे दगड रचले आणि त्यांच्यावर खडूनं १, २, ३ लिहिलं – परत लागले तर सापडावेत म्हणून. काकांनी धोतर धुऊन जीपच्या बॉनेटवर वाळत घातलं, वर दगड ठेवला. मग आम्ही दोघं ट्रेलरमध्ये आडवे झालो.

जाग आली तेव्हा साडेतीन. मी कॅनव्हास बाजूला केला. जीप नदीच्या पलीकडे उभी होती.

"काका, जीप तिकडे कुणी नेली?"

ते डोळे चोळत बाहेर आले. दोन्ही काठ बघितले. मग हळूच म्हणाले, "जीप तिथेच आहे रे. आपण इकडे आलोय."

मधे गुडघाभर पाणी. दोन्हीकडे पुरुषभर उंचीची दरड. ओल्या वाळूत चाकाची एकही खूण नाही. जीपवर धोतर तसंच, त्याच्यावरचा दगड तसाच, जीपची किल्ली काकांच्या कमरेला. मी वाकून पाहिलं. या काठावर नदी दुसऱ्या बाजूला, म्हणून उतारही उलटा. आणि दगड आता दुसऱ्या चाकाखाली होते – नदीकडच्याच. १, २, ३. माझंच अक्षर.

मी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर.

खरं सांगतो, तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो. तेव्हा घाबरलो.

संध्याकाळी साहेब आले आणि भडकलेच. हुकमाशिवाय कुठलीही गाडी नदीपार न्यायची नाही, असा नियम. "नाटक मत करो! जीप से खींचा है और क्या!" दुसऱ्या दिवशी गावातली दहा माणसं आणि बैलांच्या दोन जोड्या लावून ट्रेलर परत आणला. काका सस्पेंड. मला साहेबांनी बाजूला घेतलं, आवाज गोड केला. "लिख दो कि ड्राइवर ने मना करने पर भी गाड़ी उतारी. तुम्हारा सर्टिफिकेट मैं बना दूँगा."

ओव्हरसियरच्या कोर्सला मला ते सर्टिफिकेट हवं होतं. मी कागद घेतला आणि लिहिलं – "ट्रेलर कसा गेला ते मला माहीत नाही. गणपतरावांनी जीप चालवली नाही. ते माझ्याशेजारी झोपले होते." खाली सही केली.

सर्टिफिकेट मिळालं नाही. वडील मिलमध्ये मजूर, ते कळवळून म्हणाले, "साहेबाशी वैर घेतात का रे? लिहून टाकायचं होतंस."

"मग मला लिहायला शिकवलंत कशाला, बाबा?"



कुणी म्हणेल ऊन लागलं असेल, कुणी म्हणेल भूत. कॉलेजातल्या दोस्तांनी तर भांगेचा हिशेब विचारला. म्हणा काय म्हणायचं ते. मी भूतही म्हणणार नाही आणि भासही म्हणणार नाही. नाही कळलं तर नाही कळलं म्हणेन, पण कळत नाही म्हणून दोष एका गरिबाच्या माथी मारू देणार नाही. आठ महिने काका घरी बसून होते, मी चौकशीच्या तारखेला त्यांच्याबरोबर जायचो आणि दर वेळी तेच तीन वाक्यांचं बयान द्यायचो.

परवा काका स्वतःच आमच्याकडे आले. कामावर परत घेतलं म्हणाले. गेल्या आठवड्यात साहेबांचा मुक्काम पुन्हा त्याच नदीवर, त्याच जागी, त्याच ट्रेलरमध्ये होता. तिथून परतले ते थेट काकांच्या दारात, दाढी वाढलेली. ऑर्डर हातात दिली. चहासुद्धा घेतला नाही.

"काही बोलले?" मी विचारलं.

"एकच विचारलं," काका म्हणाले. "आप लोगों को उस दिन... जगाया किसने था?"