खांडीत उभा राहणारा माणूस

हे लिहावे की नाही, या विचारातच बरेच दिवस गेले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्याविषयी लिहिले जाते ती माणसे मोठी असतात आणि लिहिणारेही त्या योग्यतेचे असतात. माझ्या काकांना आमच्या खाडीपलीकडे कोणी ओळखत नव्हते. मी तर घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. दोन ओळी लिहिल्या की खोडाव्याशा वाटतात. काही अधिकउणे झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. न लिहिता चैन पडत नाही, एवढेच माझ्याजवळ कारण आहे.

चांगाकाका हे माझ्या वडिलांचे भाऊ. त्यांची माझी शेवटची भेट दिवाळीच्या सुट्टीत झाली. ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजलेले, दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. मुंबईत खायला काय मिळते, खोलीत किती जण राहतात, असे काहीबाही विचारून झाल्यावर म्हणाले, "दमलो रं बाबा. बांध पन दमलाय. येत्या उधानाला कुटंतरी फुटंल बग. म्या नसंन तवा. मंग हिराजी काटी घेऊन उबा राहील आनि ही समदी पुन्हा गप बसतील... तेवडीच काळजी हाय." काकी आतून म्हणाली, "गावाची काळजी हाय. औषदाची बाटली तशीच भरलेली हाय, तिची न्हाय." काका हसले आणि खोकू लागले.

ही काळजी समजायला आमचे गाव थोडे सांगायला हवे. आमची भातशेती खाडीच्या पाण्याहून खाली आहे. मध्ये आहे तो मातीचा बांध. उधाणात तो फुटला की फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की ढोल वाजतो आणि घरटी एक माणूस बांधावर जातो. ओहोटीत चिखलाचे गोळे हातोहात देत खांड भरायची, आणि भरती वर चढायच्या आत ती पक्की व्हायला हवी. गाव ज्याला पुढे करील त्याने खांडीत सगळ्यांत आधी उतरायचे आणि सगळ्यांत शेवटी वर यायचे, अशी जुनी रीत आहे. छातीभर गाळात उभ्या असलेल्या माणसाला खाडी दिसत नाही. पाणी कुठवर आले ते वरच्यांनी त्याला सांगायचे असते.

स्वराज्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही रीत हिराजीशेठनी मोडली. हिराजीशेठ गावातले मोठे खातेदार. आवाज असा की बांधावर बोलले तर खाडीपलीकडच्या होडीतला माणूस वळून बघेल. ते वर उभे राहून काठीने जागा दाखवत आणि काम होईही भराभर. लोकांना त्यांचा धाक होता, आणि खरे सांगायचे तर आधारही वाटे. एवढ्या मोठ्याने बोलणाऱ्याला माहीत असणारच, असे माणसाला वाटते. एका वर्षी अशीच खांड पडली. भरती लागली होती, आता भरलेली माती धरणार नाही, हे रांगेतल्या पुष्कळांना दिसत होते. माझे वडीलही त्यांत होते. पण सकाळीच एकाने तोंड उघडले होते, तर शेठ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुजी अक्कल तुज्या बैलाला सांग!" मग कोण बोलणार? खांड भरली आणि जेवायला घरी पोचण्याआधीच गेली, आणि जाताना दोन्ही बाजूंचा बांध घेऊन गेली. त्यानंतर कितीतरी पावसाळे आमच्या खाचरांत भात झाला नाही. वडील उरणच्या मिठागरात जाऊ लागले, बाकीचे मुंबईला गोदीत. वडील त्या दिवसाविषयी एकच वाक्य बोलत, "आमाला दिसत व्हतं."

बांध पुन्हा उभा राहिला तेव्हा लोकांनी चांगाकाकांना पुढे केले. का, ते मला नक्की माहीत नाही. त्यांचा आवाज लहान होता. काकीच्या भाषेत, ते "कोंबडीला पन इचारून हुसकायचे". ते खांडीत उतरले की पहिल्यांदा एवढेच म्हणत, "ज्याला पटत न्हाय त्यानं आदी बोला, मंग माती टाकू."

मी मॅट्रिकला होतो तेव्हाची एक खांड मी स्वतः पाहिली. मीही चिखल देणाऱ्या रांगेत होतो. काम निम्म्यावर आले असताना पार्वतीआजी, खाडीत कालवे-शिंपले वेचणारी म्हातारी, वरून ओरडली, "चांगा, थांब! वारा फिरलाय. पानी आज आदी चढंल. टाकलेलं समदं व्हावून जाईल." काकांनी वर पाहिले, आणखी दोघांना विचारले आणि काम थांबवले. आम्ही वर येऊन बसलो. पाणी चढले ते आपल्या नेहमीच्या वेळेलाच. आजी चुकली होती. एक ओहोटी फुकट गेली आणि कडेची खाचरे खारट झाली. संध्याकाळी देवळापाशी हिराजीशेठ म्हणाले, "म्हातारीच्या सांगन्यानं बांध बांदतोस व्हय रं? लुगडं नेस आता!" लोक हसले. आजी मान खाली घालून बसली होती. काका म्हणाले, "थांबायचं म्या ठरवलं, शेट. तिनं न्हाय. खाचरं माज्यामुळं गेली." आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला खांडीत उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिलाच हाक मारली, "आये, पानी कसं हाय?"

घरी मी विचारले, "काका, तुला राग न्हाय आला?"

"आला की. लई आला. पन आज चुकली म्हनून तिला हसलो, तं ज्या दिवशी तिचं खरं असंल त्या दिवशी कोन तोंड उघडंल?" मग म्हणाले, "मला समदं कळतं असं दाखवायला लई ताकद लागते रं. तेवडी माज्यात न्हाय."

कॉलेजात आल्यापासून मी पुष्कळ भाषणे ऐकली. टेबलावर मूठ आपटणाऱ्याला टाळ्या मिळतात, हे पाहिले. त्या वेळी मला काकांचे हे वाक्य आठवते, आणि थकल्यासारखे होते. ज्याला स्वतःवर खरा भरवसा असतो तो सगळ्यांसमोर चुकू शकतो, असे काहीसे मला म्हणायचे आहे. पण ते भाषणात सांगता येत नाही... आणि काकांनाही ते सोपे गेले असे नाही. प्रत्येकाचे ऐकून घ्यायचे आणि चूक मात्र एकट्याने पत्करायची, यात ते आतून झिजत गेले.

माघाच्या उधाणानंतर एका दुपारी माझा चुलतभाऊ नारायण, काकांचा मुलगा, रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट माझ्या खोलीवर आला. त्याचे डोके भादरलेले पाहून मी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्याला आणि सांगू लागला. काका उधाणाच्या दिवशी पहाटे गेले, आणि त्याच सकाळच्या भरतीला खांड पडली. माणसे दाराशी जमली होती. हिराजीशेठ आले. तेही रडत होते. "आज ढोल वाजनार न्हाय, कोनी बांदावर जायचं न्हाय. आदी चांगाला न्यायचा," असे त्यांनी नेहमीच्या आवाजात फर्मावले. सगळे गप्प झाले.

"मंग?" मी विचारले.

"आई उटली. म्हनाली, शेट, मला पटत न्हाय. त्यो कुटं जातोय? ओहोटी जाईल." नारायणने डोक्यावरून हात फिरवला. "मंग तुजा बाप बोलला, मला पन न्हाय. मंग म्हातारी पार्वती. मंग समदीच बोलाय लागली. शेटनी काटी तितंच दारात टेकवली आनि आमच्यासंगं खांडीत उतरले. पानी आत आलं न्हाय. तसंच चिखलाच्या अंगानं घरी आलो आनि बाबाला उचलला."