काका वांग्यांवर आहेत की मिरच्यांवर?

माझ्यामुळे माझ्या आत्याच्या यजमानांचा आवाज एकदा तब्बल बारा दिवस वांग्यांच्या वाफ्याभोवती गुंडाळून ठेवलेला होता.

यात काका स्वतः निर्दोष होते. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वांगीही निर्दोष होती. दोषी काय ते दोघेच, मी आणि माझा कॉम्प्युटर. (कॉम्प्युटरला विचाराल तर तो एकच नाव सांगेल!)

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. बँकेत आमच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले आणि तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात मला खात्री पटली की, रत्नागिरीत या विषयातलं कळणारा मी एकटाच. मग हप्त्यावर एक कॉम्प्युटर घरीही आला. त्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं. माझी नजर अप्पांच्या कॅसेटींवर गेली.

आमचे अप्पा शाळेतून निवृत्त झाले ते एक टेपरेकॉर्डर आणि साठ-बासष्ट कॅसेटी घेऊन. वाडीतली भजनं, रेडिओवरचं काहीबाही, आल्यागेल्याच्या गप्पा, जे कानावर पडेल ते त्यांनी टेप केलेलं. प्रत्येक कॅसेटच्या डबीत एक कागद, आणि त्यावर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात नाव. ही नावं गाण्यांची नव्हेत. 'फणस कापला ती.' 'लाईट गेली ती.' 'अर्धी रेडिओ, अर्धी मांजर.' आणि त्यांतच एक, 'भावोजी – चहा.'

ही शेवटची जरा नीट सांगायला हवी.

आत्या, म्हणजे अप्पांची अक्का, गुहागरची. दरवर्षी शिमग्याला ती आणि काका आमच्याकडे यायची. देवाची पालखी घरी येऊन गेली की काका पडवीत मांडी ठोकून एक भजन म्हणायचे. एका वर्षी अप्पांनी ते टेप केलं. भजन ऐन रंगात आलेलं असताना काका थांबतात, खोकतात, आणि स्वच्छ आवाजात म्हणतात, "अगो, चहा टाक जरा!" आतून आत्याचा आवाज येतो, "टाकते!" आणि भजन पुढे सुरू.

काका गेले आणि त्यांच्या आवाजाची खूण म्हणून ही एकच कॅसेट उरली. तेव्हापासून दर शिमग्याला पालखी गेली की अप्पा ती लावायचे. आत्या खांबाला टेकून ऐकायची, आणि "चहा टाक जरा" आलं की "टाकते हो" म्हणून खरंच उठायची अन् सगळ्यांना चहा करायची. आधी चहा झालेला असला तरी आम्ही मुकाट्याने दुसरा प्यायचो.

तर अशा या खजिन्याला 'शिस्त' लावायचा मी विडा उचलला.

आधी सॉफ्टवेअर निवडणं आलं. कॉम्प्युटर विकणाऱ्याने मला तीन सीडी दिल्या. पहिलं सॉफ्टवेअर लावलं की पडद्यावर रंगीत कारंजी उडायची. आईला ते फार आवडलं. ती गाणं बंद करून नुसती कारंजी बघायची. दुसरं दर पाच मिनिटांनी इंटरनेट मागायचं. ते दिलं की फोन अडायचा, आणि फोन अडला की नेमकी कुणाला तरी आम्हाला फोन करायची हुक्की यायची. ("आख्खी सकाळ लावत्येय मी फोन! कोणाशी बोलत होतास रे?" "सॉफ्टवेअरशी, आत्या." "बायको ऐकत नाही होय तुझं?") तिसऱ्यात मात्र रकानेच रकाने होते. कलाकार, अल्बम, प्रकार, वर्ष. माझ्यातला बँकवाला विरघळला. हेच!

अप्पा चष्मा लावून शेजारी बसले.

"ह्यात 'कुणी दिली' असा रकाना आहे?"

"नाही, अप्पा."

"'तेव्हा कोण आलं होतं'?"

"नाही."

"मग कॅसेट सापडायची कशी? बरं, हा 'प्रकार' कसला?"

"गाण्याचा प्रकार. पॉप, रॉक, जॅझ, डिस्को... यातलाच निवडायचा."

"भजन?"

"भजन यादीत नाही."

आईने आतून सांगितलं, "त्यातल्या त्यात उपासाला चालेल असं कुठलं ते घाल!"

शेवटी मी वाडीच्या समस्त भजनी मंडळाला जॅझमध्ये घातलं आणि कामाला लागलो.

एक कॅसेट उतरवायला एक तास लागायचा. त्यात भारनियमनाचे दिवस. वायर मी जोडायचो आणि बँकेत निघून जायचो. बाजू बदलायचं काम माझी बायको मीना, फोडणी सांभाळत करायची. प्रत्येक बाजू उतरली की सॉफ्टवेअर आपलं आपण तिचं बारसं करायचं : 'अनोळखी कलाकार, अनोळखी अल्बम, ट्रॅक एक.' म्हटलं राहू दे, खरी नावं मागाहून एकदम घालू. त्यासाठी मी सगळ्या डब्यांतले कागद काढून घेतले आणि टेबलावर ओळीने, क्रमवार मांडले. लाईट नव्हती म्हणून मेणबत्ती आणायला उठलो.

तेवढ्यात लाईट आली. आणि लाईटबरोबर पंखा.

पाचवर होता.

कपाटाखालून, माळ्यावरून, आईच्या मिसळणाच्या डब्यातून कागद गोळा केले ते सगळे मिळाले, क्रम तेवढा मिळाला नाही. आता कुठली कॅसेट कुठली, हे मलाही माहीत नव्हतं आणि कॉम्प्युटरलाही. पण हार मानणं हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं! सावकाश ऐकून लावू नावं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या संध्याकाळी जाहीर केलं, "अप्पा, काम फत्ते! सगळं कॉम्प्युटरात आलं. त्या कॅसेटी आता टाकून द्या."

"नक्की?"

"नक्की."

"बघ हो."

"अप्पा, हे युग वेगळं आहे."

"ते दिसतंयच," अप्पा म्हणाले. "पुन्हा एकदा विचारतो, नक्की?"

"नक्की!"

आता टाकून देणं हा शब्द अप्पांच्या कोशात नाही. आमच्याकडे फुटक्या बादलीत अळू असतं आणि जुन्या छत्रीच्या काड्यांवर पडवळ. दुसऱ्या दिवशी परसात गेलो तर मळाभर तपकिरी फिती चमकत होत्या. अप्पांनी चार कॅसेटींच्या टेपा उलगडून वांगी, मिरच्या, चवळी आणि लाल माठ अशा चार वाफ्यांभोवती काठ्यांवरून ताणल्या होत्या. वारा आला की त्या गुणगुणायच्या.

"मिरच्यांना पोपट शिवले नाहीत सकाळपास्नं," अप्पा म्हणाले. "तुझ्या कॉम्प्युटराने एवढं तरी भलं केलं."

चार दिवसांनी कॉम्प्युटरने मला इशारा दिला. जागा संपत आलीय. आणि आमच्या तिसऱ्या सॉफ्टवेअरात झाडूचं एक चित्र होतं. ते दाबल्यावर त्याने नम्रपणे कळवलं की, तुमच्याकडे एकाच गाण्याच्या शंभराहून जास्त प्रती आहेत, साफ करू?

मला अप्पांची दया आली. केवढं तेच तेच टेप केलं होतं बिचाऱ्यांनी!

मी 'होय' दाबलं.

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल, माझ्या यायला आणखी आठ दिवस लागले. शिमग्याला आमच्याकडे पालखी यायच्या दोन दिवस आधी आत्याचा फोन आला. "सुध्या, यंदा म्हणे कॉम्प्युटरावर ऐकवणारेस? आवाज मोठा येईल ना रे? अलीकडे मला कमी ऐकू येतं."

"मोठा? आत्या, काका शेजारी बसल्यासारखे वाटतील!"

फोन ठेवला आणि जरा तालीम करावी म्हणून कॉम्प्युटर उघडला. आत सात फायली होत्या. सात! सगळ्यांचं नाव एक, कलाकार एक, लांबी तेवढी वेगवेगळी. त्या यंत्राने आपल्या बुद्धीने सरळ हिशेब केला होता : अनोळखी माणूस, तेच गाणं, तेवढाच वेळ, म्हणजे तेच. ज्या सहा बाजूंची लांबी लाईट जाऊन कमी-जास्त झाली होती त्या, आणि अर्ध्या तासवाल्यांतली एक, एवढ्याच वाचल्या. पाचांत बातम्या होत्या, दोनांत मांजर.

उरलेल्या कॅसेटींच्या खोक्यावर आम्ही सगळे तुटून पडलो. प्रत्येक लावून पाहिली. काका नाहीत. अप्पा शांतपणे म्हणाले, "मग ते मळ्यात असणार."

"अप्पा! अहो, तुम्ही काकांची कॅसेट उलगडलीत?"

"मला काय कळणार? कागद तू काढलेस. माझ्या हाताला लागले ते चारही," अप्पा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "अनोळखी कलाकार!"

एवढ्यात मीनाने जो प्रश्न विचारला, तो आमच्या घराण्यात यापूर्वी कुणी विचारला नसावा. "अहो, पण काका वांग्यांवर आहेत की मिरच्यांवर?"

कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून चारही वाफे गोळा करायचे ठरले. मी टेप काठ्यांवरून सोडवत पुढे, माझ्यामागे मीना ती धोतराच्या फडक्याने पुसत, तिच्यामागे आई गुंता होऊ नये म्हणून हात वर धरून, आणि शेवटी अप्पा खुर्चीवर बसून रिकाम्या कॅसेटच्या चाकात पेन्सिल फिरवत. मिरच्या झाल्या. चवळी झाली. माठ झाला. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी आमची वरात वांग्यांना तिसरा वेढा घालत असताना बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, कुणीतरी पिशवी ठेवली.

"काय रे," आत्या म्हणाली, "वांग्यांना प्रदक्षिणा?"

ती एक दिवस आधीच आली होती. माझ्या हातात काकांचं (किंवा बातम्यांचं) एक टोक होतं. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेन्सिलीकडे पाहिलं. आईचे तर हात वर केलेलेच होते, ती तशीच उभी राहिली. अखेर मीच सगळं सांगितलं. रकाने, पंखा, झाडू, सगळं.

आत्या ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "बारा दिवस उन्हात होते म्हण ना. टोपी तरी घालायचीस त्यांना."

पण ती हसली नाही. पिशवी उचलून आत गेली, आणि मला वाफ्यात पाय रोवून वांगं व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी आम्ही चारही लावून पाहिल्या. मिरच्यांवर निघाला शेतकऱ्यांसाठीचा रेडिओवरचा कार्यक्रम (विषय : मिरचीवरील कीड!). चवळीवर वाडीतली भांडणं. माठावर मी सातवीत असताना म्हटलेलं समूहगीत, एकट्याने. ते दोन ओळी ऐकून अप्पा उठले आणि ती टेप पुन्हा माठावर नेऊन बांधली.

चौथी लावली. खरखर, वाऱ्याची घरघर, आणि काका! थोडे सर्दी झाल्यासारखे, पण काकाच. आत्याने लगेच हात वर केला. "बंद कर. उद्या. पालखी गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी आली, नाचली, नारळ-ओटी झाली आणि गेली. अंगण एकदम शांत झालं. आत्या खांबाला टेकली. अप्पांनी बटण दाबलं.

भजन सुरू झालं. रंगात आलं. काका थांबले. खोकले.

"अगो–" आणि त्यापुढे, "ळ्य़ूऽऽ व्रफ् ग्लीऽ श्युप्प."

टेपला पीळ पडला होता! वांग्यांच्या तिसऱ्या वेढ्यात, कुठल्या तरी काठीपाशी, मी बरोबर त्याच जागी टेप उलटी केली होती. ग्लीऽ श्युप्प चालूच. मी मान खाली घातली. नऊ वर्षांत पहिल्यांदा हा चहा चुकणार होता, आणि तो मी चुकवला होता.

"टाकते हो," आत्या म्हणाली.

आणि उठली. "काय बघताय? तोंडात पान असलं की अस्संच बोलायचे ते." आतून भांड्याचा आवाज आला.

अप्पांनी टेप थांबवली आणि मला कोपऱ्यात ओढलं. "ऐक. पीळ पडला की टेप मागची बाजू उलटी वाजवते. ते भावोजी नव्हतेच. मागच्या बाजूला रेडिओचे बाजारभाव आहेत. अक्काला बोलशील तर बघ!"

मी गंभीरपणे मान हलवली आणि मदतीचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. आत्या आलं किसत होती.

"बाजारभाव होते ना रे ते?" तिने वर न बघता विचारलं.

मी साखरेचा डबा पुढे केला.

"मेल्या, मला काय त्यांचा आवाज कळत नाही? बाईमाणसाचा होता तो." तिने साखर घातली. "पण वेळ चहाचीच होती ना. कप काढ. आणि बाळला, तुझ्या अप्पांना, सांगू नकोस, त्याला वाटू दे मला कळलं नाही."

मग मात्र ती हसली. इतकी हसली की चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी ब्लेडने टेप कापली, सरळ केली, चिकटपट्टीने जोडली. काका पुन्हा नीट चहा मागू लागले. कागदावर आता नवं नाव आहे, 'भावोजी – चहा – वांगी.' ती कॅसेट देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असते आणि त्या कप्प्याला हात लावायला मला मनाई आहे.

घरातलं संगीत सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असं बँकेत अजून कुणी कुणी मला विचारतं. मी अनुभवाने सांगतो. तिन्ही उत्तम आहेत. अप्पांनी त्या सीडी दोऱ्याने मळ्यात टांगल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. कारंजीवाली वांग्यांना, इंटरनेटवाली चवळीला, आणि झाडूवाली मिरच्यांना. उन्हात अशा काही झगमगतात की पोपट लांबूनच वळतात.

माठाला मात्र सीडीची गरज कधी पडली नाही. तिथे अजून माझं समूहगीत आहे.