मटकी आत, मुलं बाहेर

आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेतील ‘गोष्टीच्या खोली’ला गेल्या मंगळवारी दुपारी कुलूप लागले. मुख्याध्यापिका सरोजिनी हंजी यांनी त्याच संध्याकाळी फोनवर या बातमीला दुजोरा दिला. पहिली-दुसरीच्या वर्गात अन्न शिजवण्याशी संबंधित कोणताही उपक्रम घेऊ नये, तसेच निवृत्त व्यक्तींना वर्गावर येऊ देऊ नये, असे पत्र वरच्या कार्यालयातून आले आहे आणि त्याखाली शाळा समितीच्या अध्यक्षांनी मान्यतेची सही केली आहे, असे त्यांनी सांगितले. कुलूप लागले तेव्हा खोलीत फडक्यात बांधलेली मटकी खुंटीला टांगलेली होती. ती बाहेर काढण्याचे कुणाला सुचले नाही.

त्या पत्रातील ‘निवृत्त व्यक्ती’ म्हणजे श्रीमती सुलोचना देसाई. त्यांनी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली म्हणून हा गौरवग्रंथ निघत आहे. ज्या गावाने त्यांना खोलीबाहेर काढले, तेच गाव त्यांना येत्या रविवारी शाल पांघरवणार आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे ‘हृद्य आठवणी’ मागितल्या होत्या. आठवणी देतो. पण मला राग आला आहे, आणि तो घडी घालून बाजूला ठेवून हा लेख लिहिणे मला जमणार नाही.

बाईंची आणि माझी पहिली ओळख शाळेच्या पायरीवर झाली. खानापूरकडच्या एका खेड्यातून त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या आणि मी पहिलीत जायला तयार नव्हतो. आई विड्यांच्या कारखान्यात कामाला जायची. तिला उशीर होत होता. ती मला पायरीवर सोडून निघून गेली आणि मी भोकाड पसरले. बाई बाहेर आल्या. त्यांनी समजूत घातली नाही, दटावलेही नाही. शेजारी बसल्या आणि माझ्या पुढ्यात मूठभर मटकी ठेवून म्हणाल्या, यातला एक दाणा लई भित्रा आहे, तो कुठला ते मला काही सापडेना. मी रडत रडतच मटकी निवडू लागलो. खडे निघाले, फुटके दाणे निघाले. भित्रा दाणा कसा ओळखायचा, हे विचारायला मला आत जावे लागले.

बाईंच्या शिकवण्याची सगळी रीत त्या मुठीत होती. त्यांची गोष्ट एका दिवसात कधी संपत नसे. सोमवारी मटकी भिजत पडायची, तेव्हा गोष्टीतला भित्रा दाणा पाण्यात उतरायचा. मंगळवारी मटकी फडक्यात बांधली जायची, तेव्हा दाणा अंधारात एकटा सापडायचा. त्याला पाय फुटणार की नाही, हे बाई सांगत नसत. ते मटकी सांगायची. सकाळी शाळेत आल्यावर दप्तर टाकायच्या आधी पोरे त्या गाठोड्याकडे धावायची. मोड आला की गोष्ट पुढे. थंडीत मोड यायला उशीर झाला तर गोष्टही थांबायची, आणि थंडीत असे का होते, हे आम्ही कुणी न सांगता एकमेकांशी भांडून शोधून काढले. नखाने मोड मोजायचा, दहा-दहा दाण्यांचे ढीग लावायचे, परातीतल्या पिठात बोटाने ‘म’ काढायचा. गुरुवारी उसळ. उसळ खाऊन झाल्यावर गोष्टीचा शेवट.

उसळीत कांदा-लसूण नसे, कारण वर्गात जैन घरांतली मुले असत आणि परात एकच असायची. ज्या घरात मोड आलेले कडधान्य चालत नाही, त्या मुलांसाठी बाई मंगळवारी, मटकी फडक्यात बांधायच्या आधी, एक मूठ बाजूला काढून वेगळी शिजवायला ठेवत. कुणाच्या घरी काय चालते, हे त्यांनी कधी वर्गात विचारले नाही. आधीच माहीत करून घेतलेले असे.

एकदा एका आईला ही एकच परात खटकली. कुणाकुणाचे हात त्यात असतात, असे तिने दारात उभे राहून ऐकवले आणि मुलाला घेऊन निघाली. बाई पीठ चाळत होत्या. त्या चाळणी खाली न ठेवता म्हणाल्या, “न्या की. पर मळलंय त्यानंच. तेवढे त्याचे हात हितं ठेवून जावा.” पोरगा जेवून घरी गेला.

अलीकडच्या वर्षांतली आठवण आहे ती एका गवंड्याच्या मुलीची. घरी कन्नड, शाळा मराठी. जूनपासून दिवाळीपर्यंत ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. एके दिवशी भाकरीचे पीठ मळताना शेजारच्या पोराने तांब्या उपडा केला आणि ती कडाडली, “नीरू जास्ती आयतु!” पाणी जास्त झाले, हे कळायला कन्नड कुणाला लागले नाही, परातीत पेज झाली होती. बाईंनी तांब्या तिच्याकडे दिला आणि जाहीर केले की आजपासून पाण्याचे बघायचे ते हिने. त्यानंतर ती वर्गात गप्प बसल्याचे कुणी पाहिले नाही. मुलांना कन्नडही येऊ लागले, बहुतेक तिची बोलणी खाऊन.

बाईंच्या ममतेविषयी एकच सांगतो. दर शनिवारी त्या माझ्या हातात एक पितळी डबा द्यायच्या. डब्यात थालिपीठ असायचे, कधी उकडलेल्या शेंगा, कधी गूळ-पोहे. हा अभ्यास आहे, असे त्या बजावून सांगत. घरी जाऊन आईला दाखवायचे, यात काय काय आहे ते तिच्याकडून ओळखून घ्यायचे आणि सोमवारी येऊन सांगायचे. मी तो अभ्यास अगदी मन लावून केला. चौथीपर्यंत केला. इतर कुणाला असा डबा मिळत नव्हता, हे मला चाळिशीत उमगले. आईला पहिल्याच शनिवारी उमगले असणार. तीही काही बोलली नाही. दर सोमवारी मी ताठ मानेने उभा राहून सांगायचो की थालिपिठात धणे होते.

आता रागाचे कारण. त्यातले पहिले कारण मी स्वतः आहे.

मी बेळगावच्या एका दैनिकात नोकरी केली आणि आता अनगोळला राहतो. तीन वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीसाठी मी बाईंच्या वर्गावर लेख लिहिला. निवृत्तीनंतरही त्या रोज सकाळचे दोन तास पहिली-दुसरीला देतात, एकाही मुख्याध्यापकाने त्यांना सोडले नाही, वगैरे. चार वाजेपर्यंत मजकूर आणि फोटो पाठवायचे होते. लेख चांगला झाला होता. फोटो मात्र मिळत नव्हता.

बाईंची चूल शाळेमागच्या मोकळ्या जागेत आहे. आग सांभाळतात त्या मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या रत्नाक्का. चुलीभोवती चुन्याची रेघ असते. मुले चुलीपासून दहा पावले मोजतात आणि ती रेघ दर सोमवारी स्वतः आखतात. रेघेच्या आत मुलांनी जायचे नाही. पन्नास वर्षे हा नियम आहे. मी पहिलीत असताना रेघ होती आणि त्या दिवशीही होती. पण रेघेबाहेर बसलेल्या मुलांच्या फोटोत चूल ठळक येईना आणि चुलीच्या फोटोत मुले ठळक येईनात. मी दुसरीतल्या श्रेया नावाच्या मुलीला पळी दिली आणि चुलीजवळ उभे राहायला सांगितले.

बाई म्हणाल्या, “पोरं आत जात न्हाईत, विजू.”

मी म्हणालो, “बाई, एक मिनिट. फोटोपुरतं.”

दारात भांडायला आलेल्या आईपुढे ज्या नमल्या नाहीत, त्या बाई माझ्यापुढे गप्प बसल्या. त्या श्रेयाच्या बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर, जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा फ्रॉक मुठीत घट्ट धरला. फोटो निघाला. छापताना जागा कमी पडली, म्हणून मी कडेचा आणि खालचा भाग कापला. त्या कापलेल्या भागात बाईंचा हात होता, चुन्याची रेघ होती आणि रेघेपलीकडे ओळीत बसलेली बाकीची मुले होती. छापून आली ती चुलीसमोर एकटी उभी असलेली सात वर्षांची मुलगी.

वरून आलेल्या पत्राला पुरावा म्हणून जे कात्रण जोडले आहे, ते माझे आहे.

हंजी बाईंनी ते मला दाखवले. कौतुकाने लिहिलेल्या लेखाचा मजकूर कुणी वाचलेला नव्हता. फोटोभोवती लाल शाईने गोल काढला होता. रेघ आहे की नाही ते बघायला तीन वर्षांत कुणी आले नाही. रत्नाक्कांना कुणी विचारले नाही. मुलांना तर नाहीच. पन्नास वर्षांत या वर्गातले एक मूल भाजलेले नाही, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कारण प्रत्येक घरातले कुणी ना कुणी त्या रेघेबाहेर बसलेले आहे. तरी एका घराने तोंड उघडले नाही. सत्काराच्या सभा मात्र चार झाल्या.

शाळा समितीचे अध्यक्ष महावीर अण्णा हे माझ्या पुढच्या वर्गात होते. ते या गौरव समितीवरही आहेत. मी त्यांना फोन करून सही का केली ते विचारले. ते म्हणाले, “वरनं पत्र आलंय रं. उद्या कायतरी झालं तर माझ्या गळ्यात येतंय. आणि सत्कार आपण जोरात करतोयच की.” मग थोडे थांबून म्हणाले, “फोटो तूच छापलास न्हवं?”

मी हो म्हणालो. तो कसा काढला आणि कसा कापला, तेही सांगितले. मग मी त्यांना विचारले की मंगळवारी बाजूला काढलेली ती मूठ कुणाची असायची. वर्गात अशी मूठ ज्यांच्यासाठी निघायची, त्यांत पहिले नाव महावीर अण्णांचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हंजी बाईंचा निरोप आला की अध्यक्षांनी सोमवारी समितीची तातडीची बैठक बोलावली आहे.

बुधवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. माफी मागायची होती. बाईंनी ती पुरी होऊ दिली नाही.

“मी तुला न्हाय म्हणाले न्हाय, ती चूक माझी,” त्या म्हणाल्या. “माझा विद्यार्थी पेपरात मोठा झालाय, ह्याचं मला लई कौतुक. पोरीपेक्षा तुझं मन राखलं मी. मूळ फोटो हाय का?”

मी आहे म्हणालो.

“मग त्यात माझा हात असल. दाखव त्यांना. आणि माझ्यावर लिहिणार हाईस न्हवं? मग हे लिही. नुसतं गोड लिहून माझी पंचाहत्तरी नासवू नकोस.”

मग त्यांनी विचारले ते मुलांविषयी. मंगळवारी दाणा फडक्यात बांधून गोष्ट थांबली होती, पुढे काय झाले? हंजी बाईंकडून ऐकलेले मी त्यांना सांगितले. बुधवारी सकाळी पहिलीची मुले खिडकीच्या गजांना लोंबकळून आत बघत होती. गाठोड्यातून बारीक पांढरे मोड बाहेर आलेले खिडकीतून दिसत होते. मुलांनी दाण्याला पाय फुटल्याची बातमी शाळाभर केली आणि मग ती कुलपापाशी उभी राहिली. आता तो कुठे जाणार, असे एका मुलीने हंजी बाईंना विचारले. हंजी या कन्नड घरातल्या, वर्षानुवर्षे शिस्तीत नोकरी केलेल्या बाई. मला फोनवर हे सांगताना त्या रडल्या.

देसाई बाई रडल्या नाहीत. मटकी आता वाळणार, एवढेच म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “मोड आलेली मटकी वाळवली, विजू. अन्न हाय ते.” पन्नास वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला तो त्या एका वाक्यात.

हा ग्रंथ रविवारी समारंभात तुमच्या हाती येईल. या लेखासमोरच्या पानावर तो फोटो छापला आहे, न कापलेला. डाव्या कडेला बाईंचा हात आहे, खाली पांढरी रेघ आहे. कृपा करून बघा. शाल घालायला व्यासपीठावर जाण्याआधी बघा, आणि सोमवारी सकाळी अकराला शाळेत या. बैठक समितीची असली तरी पालकांना आणि गावकऱ्यांना दार उघडे आहे, असे हंजी बाईंनी सांगितले आहे. फोटो कसा काढला गेला याचे माझे लेखी निवेदन मी त्यांच्याकडे दिले आहे. ते बैठकीत वाचले जाईल. रत्नाक्का बोलणार आहेत. श्रेया आता पाचवीत आहे. तिची आईही येणार आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभावे, त्यांचे गुडघे जमिनीवर बसण्याइतके आणि आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचण्याइतका शाबूत राहावा, असे या घटकेला मला मनापासून वाटते. त्यांच्याइतके काम बाकी असलेले पंचाहत्तरीचे दुसरे माणूस माझ्या माहितीत नाही. सोमवारी सकाळी, बैठक भरण्यापूर्वी, त्या घरी नवी मटकी भिजत घालणार आहेत. सोमवारी कुलूप निघाले, तर मंगळवारी गाठोडे पुन्हा त्याच खुंटीला लागेल. निघाले नाही, तर मंगळवारी सकाळी शाळा भरायच्या आधी त्या फाटकासमोरच्या चिंचेखाली परात घेऊन बसतील, असे त्यांनी मुख्याध्यापिकांना आणि अध्यक्षांना लेखी कळवले आहे. पहिलीच्या मुलांनाही निरोप गेला आहे. येताना चुना आणायला सांगितले आहे.