घोडी हलली नाही

मॅट्रिकच्या गणितानं मला आपटलं आणि मी मामांकडे परळला आलो. गावच्या शाळेत माझा पक्का विषय एकच होता, हेडमास्तरांची नक्कल. मामा नालबंद. पत्र्याच्या शेडखाली घोड्यांचे खूर तासायचे, नाल ठोकायचे. दोन वर्षांत मीही एकट्यानं नाल ठोकायला लागलो आणि माझी नक्कल धंद्याला लागली. घोडं पाय देईना की मी त्याच्या मालकाचा आवाज काढायचो. घोडं कान टवकारून गप उभं. गाडीवाले पोट धरून हसायचे. मामा तेवढे हसायचे नाहीत.

लालबागच्या तबेल्यात एक व्हिक्टोरियावाले चाचा राहायचे. एक गाडी, एक घोडी, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. एका सोमवारी घोडी माझ्या हवाली करून ते चहाला गेले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, रस्त्यावर सकाळपासून घोषणा, घोडी नुसती नाचत होती. मी चाचांचा आवाज लावला, "बस बेटा, बस. खडी रह मेरी रानी." वर त्यांची ती नाकातली गुणगुण. घोडीचा पुतळा झाला. पुढच्या उजव्या पायाला मी सहा खिळे धडाधड मारले आणि स्वतःवरच खूश झालो.

बुधवारी दुपारी चाचा घोडीला धरून आले. ती तीन पायांवर चालत होती.

"काय केलंस रे माझ्या घोडीला? कालपासून पाय टेकत नाही!"

मामांनी खुरावर तळहात ठेवला. "तापलाय. खिळा जिवाला लागला."

खुराचं बाहेरचं कवच म्हणजे आपलं नख. त्यात खिळा गेला तर घोड्याला पत्ताही लागत नाही. पण आत जिवंत मांस असतं. खिळा तिथं शिरला की घोडं त्याच क्षणी पाय हिसकतं, आणि नालबंद खिळा उपसून काढतो.

"मारताना हिनं हिसका दिला नाही?" मामांनी मला विचारलं.

"नाही मामा. हललीसुद्धा नाही."

"असं कसं होईल? घोडं सांगतंच."

मी खाली बघितलं. ती का हलली नाही, ते मला त्या घडीला कळलं.

चाचा म्हणाले, "मी हिला जनावरांच्या इस्पितळात नेतो."

"कुठून नेणार?" मामा म्हणाले. "तिकडून मोर्चा येतोय, नाक्यावर पोलीस बसलेत. अश्रुधूर सुटला तर ही तीन पायांवर पळणार? आत पू धरलाय, तो वर चढला तर खूरच सुटेल. मग इस्पितळात तरी काय, गोळीच घालतील." मग माझ्याकडे वळले. "तू ठोकलेस, तूच शोध."

शोधायचं म्हणजे एकेका खिळ्यावर हलकेच हातोडी टेकवायची. ज्या खिळ्याला घोडं दचकेल तोच गुन्हेगार. सहाही उपटले तर तुटक्या कवचावर परत नाल बसत नाही, म्हणून नेमका तोच काढायचा.

मी पाय मांडीत घेतला. पहिला खिळा, टक. ती थरथरली. दुसरा, तीच थरथर. बाहेर मोर्चा अगदी शेडपाशी आला होता, पत्रा हादरत होता, तिला कशाकशाची भीती वाटत होती ते कोण सांगणार? तिसऱ्याला तिनं पाय झटकला आणि मला भिंतीवर फेकलं. चाचा धावले, तिचं तोंड छातीशी धरलं. "बस बेटा, बस. खडी रह..."

घोडी दगड झाली. मी तिसऱ्यावर हातोडी टेकवली, चौथ्यावर टेकवली, पाचव्यावर टेकवली. काही नाही. पापणीसुद्धा नाही.

"चाचा, बोलू नका."

"का? शांत होतेय ना!"

"म्हणूनच. तुम्ही बोललात की ती दुखणं गिळते." या वेळी आवाज माझाच होता. "सोमवारी मी तुमच्या आवाजात बोललो. खिळा जिवात गेला तरी ती उभी राहिली. तुमच्यासाठी."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि घोडीपासून चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

मोर्चा पुढे सरकेपर्यंत आम्ही थांबलो. मामा लगाम धरून होते. मी पाय परत उचलला, तिचा श्वास माझ्या पाठीवर. पहिला, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. चौथा, आतल्या बाजूचा. टक. खांद्यापासून कातडं थरारलं आणि पाय असा हिसकला की माझी हनुवटी फुटली.

"हाच!" मामा ओरडले.

पकडीनं मी खिळा सरळ ओढला. भोकातून काळं, घाण वासाचं पाणी चिळकन उडालं, मग पू, मग थोडं लाल रक्त. मामांनी वाकून बघितलं. "रक्त आलं. आतलं साफ होतंय."

मीठ घातलेल्या गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून मी तो धरून बसलो. नाक्यावर कर्फ्यू लागल्याची बोंब उठली, कोणालाच कुठे जाता येईना. चाचा समोर उकिडवे बसले, नजर फक्त त्या पायावर. तासाभरानं घोडीनं बादलीच्या तळाला खूर टेकला. उचलला. परत टेकला, या वेळी जरा भार देऊन.

चाचांनी बादलीत बोट घातलं.

"थंड झालं," ते मला म्हणाले. "बदल."