पाळीखालची वाट

दादा हवाई दलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होता. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की त्याचा गणवेश आठवत नाही. चिखलात रुतलेले अनवाणी पाय आठवतात.

पुराच्या वर्षी तो रजेवर घरी होता. वैनगंगेनं गावाला वेढा घातला होता. ताईला कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला, तरी सुटका होत नव्हती. आदल्या दिवशी हेलिकॉप्टरनं जेवणाची पाकिटं टाकली, त्यांत चिठ्ठी होती: सकाळी आजाऱ्यांना न्यायला येतो. कोरडी मोकळी जागा एकच, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे मातीच्या उंच बांधाखालचं खळं. दादानं तिथली तणीस, भाताचा पेंढा, दूर हलवायला लावली आणि पाळीवर जमलेल्या लोकांना खाली उतरवलं.

"फौजी, तुमच्या हेलिकॉप्टरले सोवळं आहे का जी? पाळीकडून शिवू नाही देत!" शेजारचे काका म्हणाले. दादा हसला, पण ऐकलं नाही.

हेलिकॉप्टर उतरलं आणि आम्ही ताईची खाट उचलली. पाळीवरून शंभरेक पावलं होती. दादा म्हणाला, "खालून फेरा घालून जाऊ." तिकडे गुडघाभर चिखल.

बाबा ओरडले, "पोरगी मरून राहिली, अन् तुले फेरे सुचून राहिले?"

"बाबा, उतारावरून येणाऱ्याच्या मानेशी येते तो पंखा. फिरताना दिसतही नाही."

पुढून खाट धरून तो चालू लागला. ताई कण्हत होती. मला त्याचा फार राग आला होता. खळ्यापाशी पोचल्यावरही त्यानं आम्हाला पायलटच्या नजरेसमोर खाली बसवलं. पायलटनं हात केला तेव्हाच उठू दिलं.

संध्याकाळी, पाय धुताना, त्यानं मला सांगितलं. अशाच एका पुरात, दुसऱ्या मुलखात, स्ट्रेचर उतारावरून आणलं होतं. पुढे त्याचा मित्र होता, मागचं टोक दादाच्या हातात. मित्र वाचला नाही.

"घाई माझीच होती," दादा म्हणाला.

हे ज्याला आयुष्यभर लपवता आलं असतं, त्यानं त्यातून दुसऱ्यांसाठी वाट काढली. याहून मोठं धैर्य मी पुस्तकांतही फारसं वाचलेलं नाही.

ताई वाचली. भाची आता शाळेत जाते.

दादाची तिरडी घाटाकडे निघाली तेव्हा खांदेकरी जवळची वाट म्हणून पाळीकडे वळले. गल्लीच्या टोकापर्यंत आलेली ताई मागून म्हणाली, "खालून न्या."

पुढचा बांबू बाबांच्या खांद्यावर होता. त्यांनीच तो खालच्या वाटेला वळवला.