रेड्याचं चेंबर

लाकूड डेपोच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला सगळे नाकमिस्त्री म्हणत. अर्थात मागे, तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. समोरचा माणूस बोलायला लागला की याचं नाक आधी मुरडायचं आणि कान मग ऐकायचे. नट घट्ट बसला तर "एवढा का आवळलास?" आणि सैल राहिला तर "आईने जेवायला घातलं नाही का?" तीस वर्षांत हाताखालच्या एकाही माणसाला त्याने "बरं केलंस" म्हटलं नव्हतं. हातात मात्र कसब होतं, हे त्याचे शत्रूही कबूल करत, आणि शत्रूंना काही तोटा नव्हता.

मशीन उघडावं लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा तोरा. बॉनेटवर हात ठेवायचा, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. उघडून बघतात ते शिकाऊ, असं त्याचं म्हणणं.

असाच एक निकाल त्याने अठरा वर्षांपूर्वी दिला होता. जंगलातून ओंडके ओढून आणणारा डेपोचा ट्रॅक्टर, ज्याला सगळे रेडा म्हणत, चढावर असताना जाम झाला. चालवत होते मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भाऊजी म्हणाले, "ऑइलचा काटा खाली पडला तशी मी लगेच गाडी बंद केली." मिस्त्रीने न उघडताच नाक मुरडलं. "काटा पडला तरी हे ओढत बसले. डोळे कुठे होते देव जाणे!" मिस्त्रीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवा ट्रॅक्टर तसाही यायचाच होता. रेडा शेडमध्ये ढकलला गेला आणि भाऊजी फाटकावर, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायला.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये कुणी काही बिघडवलं की मिस्त्री म्हणे, "आमच्या भाऊजींचा चेला दिसतोस." बहिणीकडे जेवायला गेला तरी जिभेला विसावा नाही. "ताई, गॅस बंद झालाय का तूच बघ हं, यांच्या भरवशावर राहू नकोस." ताई वाढता वाढता थांबायची. भाऊजी खाली मान घालून जेवत राहायचे, आणि मिस्त्री त्यालाच कबुली समजायचा.

रेड्याचा विषय पुन्हा निघाला तो नव्या साहेबांमुळे. साहेबांचे बूट चकचकीत होते. डेपोत येऊन सहा महिने झाले तरी ओंडक्याचं बूड कुठलं आणि शेंडा कुठला, हे त्यांना विचारूनच घ्यावं लागे.

"मिस्त्री, शेड मोकळी करायची आहे," साहेब म्हणाले. "इंजिन भंगारात देऊ, ओंडके ओढायचा विंच करवतीपाशी बसवू आणि सांगाडा रंगवून फाटकाजवळ उभा करू. पुढच्या माती ढकलायच्या पात्यात फुलझाडं लावू, लोक फोटो काढतील. नाहीतर सरळ दुरुस्तच करू. नवा ट्रॅक्टर वरच्या चढावर जात नाही, अशी तक्रार आहेच. काय करावं ते सोमवारी मला लेखी द्या."

"फुलझाडं," मिस्त्री म्हणाला. "चाकांना मोजे पण घालू या का?"

साहेब हसले. आपल्यालाच हाणलंय हे त्यांना कळलं नाही, म्हणून मिस्त्रीने त्यांना मनातल्या मनात आणखी एक पायरी खाली उतरवलं.

दुरुस्ती करावी असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. रेड्यावर माया होती म्हणून नव्हे. भाऊजी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते, आणि त्याआधी त्यांच्या टेबलावर जळकी बेअरिंगं नेऊन ठेवायची त्याला हौस होती. "बघा, तुमच्या हातची कमाई," हे वाक्यसुद्धा तयार होतं. माणूस असा होता.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तो रेड्याखाली आडवा झाला. तेल सोडलं तर काळंकुट्ट तेल भरपूर निघालं. मग बोल्ट काढून त्याने चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात, खाली उतरवली आणि वर बघितलं. तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर एक लाल चिंधी घट्ट बसली होती.

इंजिन उघडं टाकून उठावं लागलं तर कचरा जाऊ नये म्हणून तो भोकांत चिंध्या कोंबून ठेवायचा. लाल चिंध्या, कारण लाल रंग नजरेतून सुटत नाही. अख्ख्या वर्कशॉपमध्ये त्या फक्त तोच वापरायचा, दुसऱ्याला हातही लावू द्यायचा नाही. आणि रेडा जाम होण्याच्या आठच दिवस आधी याच चेंबरचं पॅकिंग त्याने स्वतः बदललं होतं. एक चिंधी आत राहिली, जाळीला चिकटली आणि वर तेल चढेना. पोटात तेल असून इंजिन तेलावाचून मेलं होतं.

चिंधी खिशात घातली की मिटलं. "भंगारात द्या" असं लिहिलं तर कुणी विचारणारही नव्हतं. फाटकाजवळ फुलझाडं तशी काही वाईट दिसणार नाहीत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. दुसऱ्यांना द्यायच्या शिव्या त्याच्याकडे ढिगाने होत्या. त्या सगळ्या त्याने स्वतःला लावून पाहिल्या. एकही सैल बसली नाही.

शेवटी तो उठला. त्यात थोरपणा काही नव्हता. हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याला त्याने डेपोतून हाकललं असतं, आणि एवढं खोटं त्याच्याही घशाखाली उतरेना.

फाटकावर भाऊजी वहीत नंबर लिहीत होते. मिस्त्रीने तेलकट चिंधी टेबलावर ठेवली.

"भाऊजी, ही रेड्याच्या जाळीत होती. माझी आहे. तुमची चूक नव्हती."

भाऊजींनी चिंधी उचलली नाही, नुसती बघितली. मग विचारलं, "म्हणजे काटा पडल्यावर मी खरंच गाडी बंद केली होती?"

"तुम्ही तेव्हा तसंच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं रे. पण तू इतक्यांदा, इतकं ठासून म्हणालास, की पुढे पुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. वाटायला लागलं, नसेल बघितला आपण काटा. पोरगी गाडी शिकवा म्हणून मागे लागली होती. मी नाही शिकवली. म्हटलं, ज्याला काटा दिसत नाही तो काय शिकवणार? परक्या माणसाकडे शिकली ती."

"साहेबांना लेखी देतो," मिस्त्री म्हणाला. "रेडा दुरुस्त करायचा, आणि बिघडला कुणामुळे तेही लिहितो. तुम्हीच चालवा तो."

"रेडा मला नको," भाऊजी म्हणाले. "लिहायचं ते लिही. पण आधी आमच्या घरी जा आणि ताईला सांग. ती म्हणाली होती, माझा तुमच्यावर विश्वास आहे. आणि मी तिला गप्प केलं. म्हटलं, तुझा भाऊ म्हणतोय तेच खरं असेल."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. भाऊजी फाटक उघडायला गेले.