दोन फोल्डर, एक मंगलाष्टक

माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या. जळगावात येऊन जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. त्यांचा एक नियम होता: "दोन्ही वहूस्ले बठ्ठं सारखंच." सुनांना साडी घेतली तर एकाच पोताच्या दोन, डबा घेतला तर दोन, पोळपाटसुद्धा दोन. त्यामुळे घरात एकसारख्या दोन वस्तू दिसल्या की एक थोरलीची, एक धाकटीची, हे विचारावं लागत नसे. थोरली मी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धाकट्या जावेच्या वडिलांनी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि हा नियम पहिल्यांदा मोडला. कॉम्प्युटर एकच आला. तो बैठकीत ठेवला, त्याच्यावर झालर लावलेलं कापड घातलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण जावेचं कौतुक करू लागला. ती दुपारी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला जायची. नशिराबादच्या मळ्यातून आलेले सासरेही आधी तिला विचारायचे, आज मशीन काय म्हणतंय? मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे, तो ते न बघताच घ्यायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. मी मंगलाष्टकं रचायचे. दोन्ही घरांची नावं गुंफून, चालीत बसवून, नवरदेवाच्या आजोळापर्यंत सगळ्यांना खूश करणारी. रावेरपासून शिरपूरपर्यंत आमच्या नात्यात लग्न ठरलं की मुहूर्त काढल्यावर मलाच निरोप यायचा. त्या वर्षी तर आमच्या नणंदेचंच लग्न होतं, शिरपूरच्या घरात. ही मंगलाष्टकं सगळ्यांत सरस व्हायला हवी होती, आणि तो मान माझाच होता.

"अक्का, आपण छापून वाटूया ना," जाऊ म्हणाली. "कॉम्प्युटरवर घ्या, मी शिकवते." नाही म्हणणं शोभलं नसतं. तिने कळांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली, फाईल कशी ठेवायची, कशी पुसायची, पुसलेलं केराच्या टोपलीतून कायमचं कसं काढायचं, सगळं दाखवलं. मग ती क्लासला गेली की मी एकेक अक्षर शोधत टाईप करायचे. 'माय डॉक्युमेंट्स' नावाचा फोल्डर समोर पडद्यावरच होता, त्यात ठेवत गेले. आठही कडवी झाल्यावर कच्चा कागद बारीक फाडून चुलीत घातला. तो जावेच्या हाती लागायला नको होता.

दुसऱ्या दुपारी सहज इकडेतिकडे उघडून बघताना कॉम्प्युटरच्या पोटात, सी ड्राइव्हमध्ये, आणखी एक 'माय डॉक्युमेंट्स' सापडला. नाव तेच, चित्रही जवळपास तेच. मला अजिबात कोडं पडलं नाही. एकसारखे दोन, म्हणजे दोघींचा एकेक. दर्शनी तो थोरलीचा आणि आतला तिचा, कारण आतलं तिलाच कळतं. तिचा उघडला, तर त्यात माझी मंगलाष्टकं. शब्दन् शब्द माझा. फाईलला मी दिलेलं नावही तसंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांचा कॉम्प्युटर, सासऱ्यांचं कौतुक, सगळं मिळूनही हिला माझी मंगलाष्टकंही हवी होती. मांडवात स्वतःची म्हणून म्हणणार, आणि लोक म्हणणार, वा, शिकलेली सून! मी तिच्या फोल्डरमधली ती फाईल पुसली. टोपलीही रिकामी केली, परत उचलायची सोय नको. मग माझं नीट आहे ना बघावं म्हणून समोरचा फोल्डर उघडला. त्यातही मंगलाष्टकं नव्हती.

तेव्हाही मला वाटलं ते हेच, की तिने काहीतरी करून ठेवलंय. ती घरी आली तशी मी चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "माझ्या फोल्डरला हात लावलास ना तू?"

सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. "काय व्हयनं वं?"

मी सांगितलं: तिचा फोल्डर, माझा फोल्डर, तिची चोरी. जावेने कॉम्प्युटर लावला, आतल्या फोल्डरमध्ये एक कोरी फाईल केली, मग बाहेरचा उघडून दाखवला. ती फाईल तिथेही होती. बाहेरून पुसली, तर आतूनही गेली. "फोल्डर एकच आहे, अक्का. खोली एक आणि दारं दोन. कुठूनही आत गेलात तरी सामान तेच."

"कॉम्प्युटरमा बी वाटनी व्हस का वं?" सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून हसल्या. जाऊ हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

लग्न तोंडावर आलं होतं. आठवून आठवून मी सात कडवी पुन्हा जुळवली, शेवटचं काही केल्या येईना. त्यात तापी होती आणि सातपुडा होता, एवढंच डोक्यात राहिलं होतं. "तुम्ही भाकरी थापताना गुणगुणत होतात, मला आठवतंय थोडं," जाऊ म्हणाली. "मी लिहून छापायला देते." मी रुखवताच्या गडबडीत होते. छापलेला कागद मी पाहिला तो थेट मांडवात, अंतरपाट धरल्यावर. खाली फक्त माझं नाव होतं.

सात कडवी माझी होती. लोकांनी ऐकली. आठव्यात तापी नव्हती आणि सातपुडाही नव्हता. त्यात एवढंच होतं, की आज संध्याकाळी ताटं मांडताना आई सवयीने एक ताट जास्त मांडेल. मी म्हणत गेले आणि मांडवात बायकांचे पदर डोळ्यांना लागले. सासूबाईंना तर दोन बायकांनी धरून बसवावं लागलं. इतकी वर्षं त्या घरात ताटं मी मांडत होते. मला ते सुचलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी मला जवळ घेतलं. "हाई कडवं भलतं भारी शे, वं माय."

"ते माझं नाही," मी म्हणाले. "धाकटीचं आहे."

तो माझ्या मनाचा मोठेपणा समजून सासूबाई सगळ्या पाहुण्यांकडे वळल्या. "मनी मोठी वहू भलती मोठा मननी शे."

मी जावेकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. ती विड्याची तबकं उचलत होती. "अक्कांचंच आहे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

अजूनही नात्यातल्या लग्नांत मला ते ताटाचं कडवं म्हणायला सांगतात. मी म्हणते. जाऊ समोर अक्षता घेऊन उभी असते, तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही.